अंध वाचकांसाठी डिजिटल ग्रंथालय: साधनं बांधायची कशी

पुस्तक शोधायचं, हेच ते हवं असलेलं पुस्तक याची खात्री करायची, ते मिळवायचं, उघडायचं, वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर परत यायचं. डिजिटल ग्रंथालयात वाचकाची वाट एवढीच असते. अंध वाचकासाठी साधनं बनवताना कामाची आखणी या वाटेवरूनच करावी. नियमावलीतला एकेक मुद्दा उचलून काम सुरू केलं, तर बहुतेक मुद्दे पूर्ण झालेले दिसतात आणि तरीही लॉगिनच्या पानावरच्या एका चित्रकोड्यापाशी (कॅप्चापाशी) वाचक अडकून बसतो. मग आत ठेवलेली उत्तम ईपब फाइल, म्हणजे डिजिटल पुस्तक, त्याच्या काय कामाची?

नियमावली लागते, यात वाद नाही. वेबच्या सुगमतेसाठी डब्ल्यूसीएजी ही नियमावली आहे. तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली आहे आणि तिची ‘एए’ (तिनांतली मधली) पातळी हे किमान उद्दिष्ट धरावं. पुस्तकांच्या फाइलींसाठी ईपब ॲक्सेसिबिलिटी १.१ आहे. दोन्ही मोफत वाचायला मिळतात. त्यांचा उपयोग शेवटी पडताळणीसाठी करा, घराचा नकाशा म्हणून करू नका.

पहिली पायरी: स्क्रीन रीडर लावा आणि पडदा झाका

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर एनव्हीडीए मोफत मिळतो. मॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतो. जॉज हा पैसे मोजून घ्यावा लागणारा, पण बऱ्याच कार्यालयांत वापरात असलेला स्क्रीन रीडर. सुरुवात एनव्हीडीएपासून करा. त्याच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे. तो चालू केला की बोललेला प्रत्येक शब्द खिडकीत लिहून येतो, त्यामुळे आवाजाची सवय नसली तरी काय बोललं गेलं ते नंतर तपासता येतं. थोडा सराव झाला की सेटिंग्जमधून स्क्रीन कर्टन चालू करा. पडदा काळा होतो आणि डोळ्यांनी चोरून बघायची सोय उरत नाही.

स्क्रीन रीडर पान एका सरळ रांगेत वाचतो. उजवीकडची पट्टी, डावीकडचा मेनू, वर तरंगणारी खिडकी हे सगळं त्याच्यासाठी एकापुढे एक येतं, आणि तेही कोडमधल्या क्रमानं. अनुभवी वाचक मात्र सगळं ऐकत बसत नाही, तो उड्या मारत जातो. एच दाबलं की पुढचं हेडिंग, १ ते ६ आकडे दाबले की त्या त्या पातळीचं हेडिंग, के दाबलं की लिंक, एफ दाबलं की फॉर्ममधली पुढची जागा, टी दाबलं की तक्ता, डी दाबलं की पानाचा पुढचा विभाग. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबलं की पानावरच्या लिंका, हेडिंगं आणि बटणं यांची यादीच उघडते. तुमचं पान या यादीत कसं दिसतं हे आधी बघा. यादीत ‘अधिक वाचा’ वीस वेळा आणि ‘बटण’ आठ वेळा दिसलं, तर पान डोळ्यांना कितीही नेटकं दिसो, कानाला ते रिकामं आहे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोड्यात टाकते. एनव्हीडीए दोन अवस्थांत चालतो. वाचनाच्या अवस्थेत एच म्हणजे हेडिंगवर उडी. टंकनाच्या अवस्थेत एच म्हणजे एच हे अक्षर. इन्सर्ट आणि स्पेसबारनं अवस्था बदलते, आणि मजकूर भरायच्या चौकटीत टॅबनं गेलं की ती आपोआप बदलते. म्हणूनच आपल्या साधनात एकाच अक्षराचे शॉर्टकट ठेवू नयेत. ‘के दाबा, कॅटलॉग उघडेल’ असं तुम्ही ठरवलंत, तरी वाचनाच्या अवस्थेत ती कळ तुमच्या पानापर्यंत पोचतच नाही, स्क्रीन रीडर ती मध्येच उचलतो. आणि आवाजावर संगणक चालवणाऱ्या माणसाच्या बोलण्यातल्या एखाद्या अक्षरानं तुमचा शॉर्टकट भलत्या वेळी चालू होऊ शकतो. शॉर्टकट द्यायचाच असेल तर जोडकळीचा द्या आणि बंद करायची सोय ठेवा.

दुसरी पायरी: भाषा आणि लिपी

ही पायरी बहुतेक इंग्रजी मार्गदर्शकांत दोन ओळींत आटोपते. देवनागरीत मात्र निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात.

पानाच्या मूळ टॅगमध्ये भाषेचा गुणधर्म असतो. तयार साचा उचलला की तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहून जातो. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतो, आणि तो आवाज देवनागरी अक्षरं एक तर गाळतो किंवा भलतंच काही बोलतो. वाचकाला वाटतं पान रिकामं आहे. मराठी पानावर मराठीचा संकेत द्या. हिंदीचा दिला तर वाचलं जाईल, पण च, ज, झ यांचे मराठी उच्चार बिघडतील. मराठी पानात इंग्रजी पुस्तकाचं नाव किंवा संस्कृत श्लोक आला, तर तेवढ्या तुकड्याला वेगळा संकेत लावा. निकालांच्या यादीत प्रत्येक शीर्षकाला त्याच्या भाषेचा संकेत कॅटलॉगच्या नोंदीतून आपोआप लागला पाहिजे. हे हातानं करायचं म्हटलं तर कधीच होत नाही.

दुसरं दुखणं जुन्या फाँटचं. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुरात प्रत्यक्ष साठवलेले असतात रोमन अक्षरांचे संकेत, त्यांना रूप तेवढं देवनागरीचं दिलेलं असतं. डोळ्यांना ‘ग्रंथालय’ दिसतं आणि स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरांची माळ वाचतो. ओळखायचं कसं? फाइलमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे देवनागरी राहिली तर ठीक. रोमन कचरा आला तर जुना फाँट आहे, मजकूर रूपांतरित करून घ्यावा लागेल. देवनागरी आली पण ऱ्हस्व इकार भलत्या अक्षरावर गेला आणि जोडाक्षरं तुटली, तर पीडीएफ बनवताना अक्षरांचा तक्ता बिघडलेला आहे. अशा पीडीएफची डागडुजी करत बसण्यापेक्षा मूळ दस्तऐवज मिळवा.

तिसरं दुखणं शोधाचं. ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा ‘अ’ला अर्धचंद्र जोडून. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण संगणकाला ते वेगळे, आणि युनिकोडचं प्रमाण सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य असाच किमान दोन प्रकारे साठवला जातो, त्यांपैकी एका प्रकारात न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळस माणसाला शून्य निकाल आले तर तो कळफलकाकडे बघून पुन्हा प्रयत्न करतो. अंध वाचकाला दोन्ही रूपं कानाला एकच ऐकू येतात, त्यामुळे चूक कुठे आहे हे कळायला मार्गच नसतो. म्हणून शोधाचा शब्द आणि सूचीतला मजकूर दोन्ही एकाच चाळणीतून काढा. त्याची मांडणी अशी: आधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, मग ‘अ’ अधिक अर्धचंद्राचा ‘ॲ’, मग ऱ्यची दोन्ही रूपं एक करणं, मग न दिसणारी जोडचिन्हं काढणं, मग देवनागरी आणि इंग्रजी आकडे एक करणं. क्रम महत्त्वाचा आहे. जोडचिन्ह आधी काढून टाकलंत तर ‘दुसऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला र एकच होऊन बसतो. आणि चाळणीतून निघालेलं रूप फक्त शोधासाठी वापरा, दाखवायच्या मजकुरात ते कधीही लिहू नका.

तिसरी पायरी: शोधाची चौकट आणि निकाल

शोधाच्या चौकटीला खरं लेबल द्या. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं ‘पुस्तक शोधा’ हे लेबल नव्हे. टंकायला लागलं की ते नाहीसं होतं. बाजूचं भिंगाचं चित्र हे खरं बटण असू द्या आणि त्याला ‘शोधा’ हे नाव द्या. बटणाचं काम करणारा साधा डबा कळफलकावरून दाबता येत नाही आणि तो बटण आहे हे स्क्रीन रीडर सांगत नाही. एचटीएमएलचं मूळ बटण घेतलं की दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. हीच गोष्ट चेकबॉक्सची, यादीची आणि तक्त्याची. आरियाचे गुणधर्म, म्हणजे पानावरचा घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारे शिक्के, हे मूळ टॅगनं काम भागत नाही तेव्हाच वापरायचं औषध आहे. आरिया फक्त नाव बदलतं, वागणूक देत नाही. डब्यावर ‘बटण’ असा शिक्का मारला, पण एंटर आणि स्पेसबारचा कोड लिहिला नाही, तर वाचकाला बटण आहे असं ऐकू येतं आणि ते दाबलं जात नाही. न सांगण्यापेक्षा हे वाईट.

टंकताना खाली उघडणाऱ्या सूचना पहिल्या आवृत्तीत ठेवूच नका, असा आमचा सल्ला आहे. त्या नीट करायच्या तर फोकस (दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा) चौकटीतच राहायला हवा, खालच्या बाणानं एकेक सूचना बोलली गेली पाहिजे, एस्केपनं यादी बंद व्हायला हवी आणि टंकलेला मजकूर शाबूत राहायला हवा. अर्धवट केल्या तर साधी चौकटही त्या निकामी करतात.

आता निकाल. पान न बदलता निकाल आत भरले जात असतील तर वाचकाला काहीच कळत नाही. ‘शोधा’ दाबलं, शांतता. त्यासाठी पानावर एक थेट-सूचनेची जागा लागते, म्हणजे आरियामधली स्टेटस भूमिका. ही जागा पान उघडतानाच रिकामी हजर असली पाहिजे आणि मजकूर तिच्यात नंतर भरला पाहिजे. जागा आणि मजकूर एकदम टाकले की बरेच स्क्रीन रीडर गप्प राहतात, आणि नवा प्रोग्रामर ‘कोड तर बरोबर आहे’ म्हणत तासन्‌तास डोकं खाजवतो. सूचना छोटी असू द्या: ‘१२७ पुस्तकं सापडली’. दर अक्षराला निकाल बदलत असतील तर टंकणं थांबल्यावर साधारण एक सेकंद थांबून मगच बोला, नाहीतर आकड्यांचा भडिमार होतो.

निकाल क्रमांकित यादीत ठेवा, म्हणजे ‘२० घटकांची यादी’ असं सुरुवातीलाच कळतं. प्रत्येक पुस्तकाचं नाव तिसऱ्या पातळीचं हेडिंग करा आणि त्याच नावाला लिंक द्या. इथे जवळून पाहण्यासारखी एक चूक आहे. नेहमीच्या मांडणीत एक निकाल असा ऐकू येतो: ‘लिंक, ग्राफिक, कव्हर ४४७ जेपीजी. लिंक, पुस्तकाचं नाव. बटण. बटण. लिंक, अधिक वाचा.’ पाच थांबे, त्यांतला कामाचा एक. दुरुस्त मांडणीत: ‘हेडिंग पातळी ३, लिंक, पुस्तकाचं नाव. लेखक अमुक. मराठी, ईपब, ३१२ पानं.’ मुखपृष्ठाच्या चित्राशेजारी नाव लिहिलेलंच आहे, म्हणून चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचलं जाणारं वर्णन, रिकामा ठेवायचा. गुणधर्म काढून टाकायचा नाही, रिकामा ठेवायचा. काढून टाकला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचू लागतात. ‘जतन करा’ बटणाच्या नावात पुस्तकाचं नावही घाला, नाहीतर बटणांच्या यादीत वीस ‘जतन करा’ रांगेनं उभे राहतात.

गाळण्या, म्हणजे भाषा, विषय, स्वरूप यांचे पर्याय, गटवार ठेवा आणि प्रत्येक गटाला शीर्षक द्या. पर्याय निवडताक्षणी पान नव्यानं भरू नका. कळफलकावरून ड्रॉपडाउनमध्ये खाली जाताना बाणाच्या पहिल्याच दाबाला निवड होऊ शकते, आणि वाचक ‘मराठी’पर्यंत पोचायच्या आत ‘आसामी’ पुस्तकं घेऊन पानाच्या डोक्यावर फेकला जातो. ‘लागू करा’ हे बटण द्या. खाली सरकत गेलं की आपोआप वाढणारी यादीही नको. तळाशी असलेली मदतीची लिंक हाती लागत नाही आणि मागे आलं की जागा हरवते. पानांचे आकडे द्या, किंवा ‘आणखी २० दाखवा’ असं बटण द्या आणि ते दाबल्यावर फोकस नव्या एकविसाव्या निकालावर न्या.

एकपानी ॲप बांधत असाल तर आणखी एक काम अंगावर येतं. लिंक दाबल्यावर ब्राउझरसाठी पान तेच राहतं, म्हणून स्क्रीन रीडर काही बोलत नाही. प्रत्येक बदलाला खिडकीचं शीर्षक बदला आणि फोकस नव्या भागाच्या मुख्य हेडिंगवर न्या. हे पहिल्या दिवशी ॲपच्या राउटरमध्ये, म्हणजे पानं बदलणाऱ्या कोडमध्ये, एकदाच लिहा.

चौथी पायरी: पुस्तकाची नोंद

डोळस वाचक फाइल उघडून पाच सेकंदांत ठरवतो की स्कॅन वाचण्याजोगा आहे का. अंध वाचकाला ती डाउनलोड करून, उघडून, दोन-तीन पानं चाचपून मग कळतं की सगळी चित्रं आहेत. म्हणून नोंदीतच स्पष्ट सांगा: संपूर्ण मजकूर स्क्रीन रीडरनं वाचता येतो की नाही, चित्रांची वर्णनं आहेत का, छापील पान क्रमांक आहेत का, गणित असेल तर ते मॅथएमएलमध्ये (सूत्रं चित्राऐवजी मजकूर म्हणून लिहायच्या पद्धतीत) आहे का, ध्वनिपुस्तक असेल तर किती तासांचं, माणसाच्या आवाजात की यंत्राच्या. ईपबमध्ये या माहितीसाठी स्कीमा डॉट ऑर्गची ठरलेली क्षेत्रं आहेत: वाचनाचे मार्ग, पुरेसा मार्ग, सुविधा, धोके आणि सारांश. यंत्रासाठीचे हे संकेत तसेच्या तसे पडद्यावर टाकू नका. त्यांचं साध्या मराठीत वाक्य करा. आणि पुस्तक चित्ररूप स्कॅनच असेल तर तेही लिहा. लपवलं तर वाचकाचा बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

कॉपीराइटचा प्रश्न इथेच येतो. २७ जून २०१३ रोजी स्वीकारलेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेला माराकेश करार छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुगम प्रती बनवायला आणि सदस्य देशांत त्यांची देवाणघेवाण करायला वाट देतो. तो पाळण्यासाठी सभासदाची पात्रता तपासावी लागते. ती तपासणी कागद छापून, सही करून, स्कॅन करून पाठवा अशी ठेवलीत, तर ज्यांच्यासाठी सवलत आहे तेच बाहेर राहतील. अर्ज वेबफॉर्मवर पुरा होऊ द्या.

पाचवी पायरी: लॉगिन

थोडक्यात. चित्रकोडं नको. पासवर्डच्या चौकटीत पेस्ट अडवू नका, नाहीतर पासवर्ड सांभाळणारी साधनं निकामी होतात. फोनवर येणारा कोड एकाच चौकटीत घ्या. सहा वेगळ्या चौकटींत फोकस आपोआप पुढे उडतो आणि वाचकाला आपण कितव्या आकड्यावर आहोत ते समजत नाही. वेळ संपत असेल तर आधी सांगा आणि एका साध्या कळीनं वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. चूक झाली की फक्त लाल रंग पुरत नाही. काय चुकलं ते त्या चौकटीला जोडलेल्या मजकुरात लिहा आणि फोकस तिथे न्या.

सहावी पायरी: फाइल तयार करणं

पहिली पसंती ईपब ३. पीडीएफ द्यावीच लागली तर टॅग केलेली (हेडिंग, परिच्छेद यांच्या खुणा आत असलेली), पीडीएफ/यूए या सुगमतेच्या मानकाला धरून.

छापील पुस्तकापासून सुरुवात असेल तर स्कॅन ३०० डीपीआयवर करा, पानं सरळ करा आणि मगच ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं साधन, चालवा. टेसरॅक्ट या ओसीआर साधनात मराठीचं प्रारूप आहे. पण ओसीआरनंतरच्या फाइलला पुस्तक म्हणू नका, तो कच्चा माल आहे. ठरावीक चुका अशा: शिरोरेखेला चिकटलेला अनुस्वार हरवतो. ‘वंश’चा ‘वश’ होतो, आणि दोन्ही खरे शब्द असल्यानं शुद्धलेखन तपासनीसही गप्प बसतो. दोन रकान्यांचं पान आडवं वाचलं जातं. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव आणि खालचा आकडा वाक्याच्या मधोमध घुसतात. ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द तुटलेलाच राहतो. शीर्षनोंदी आणि तुटलेले शब्द स्क्रिप्टनं काढता येतात. अनुस्वार मात्र मूळ पान समोर ठेवून माणसानंच तपासायला हवेत.

मग रचना. प्रकरणं पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीची हेडिंगं, उपप्रकरणं त्याखाली, पातळी मध्ये गाळायची नाही. ठळक मोठी अक्षरं म्हणजे हेडिंग नव्हे. तळटीपांना जायची लिंक द्या आणि परत यायचीही. दुसरी लोक विसरतात, आणि वाचक टीप ऐकून पुस्तकाच्या शेवटी अडकतो. छापील पान क्रमांक ईपबच्या पानसूचीत ठेवा. वर्गात ‘पान ८७ काढा’ म्हटल्यावर अंध विद्यार्थ्याला तिथे पोचता आलं पाहिजे. तक्ते खरे तक्ते असू द्या, शीर्षक-रांगेसह. त्यांचं चित्र करून टाकू नका.

चित्रवर्णन लिहिताना चित्र त्या ठिकाणी का आहे हे बघा. आलेखाचं वर्णन ‘निळी रेघ वर जाते’ असं करून भागत नाही, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत किती बदल झाला ते सांगा. आकडे जास्त असतील तर शेजारी तक्ता द्या. यंत्रानं लिहिलेलं वर्णन मसुदा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण ते तसंच छापलं की नकाशाचं वर्णन ‘कागदावरचं रंगीत चित्र’ एवढंच उरतं.

शेवटी फाइल आधी ईपबचेकमधून आणि मग डेझी संस्थेच्या एस या तपासनीसातून काढा. पहिला रचनेतल्या चुका दाखवतो, दुसरा सुगमतेच्या. फाइलला कुलूप लावायचं असेल तर ते स्क्रीन रीडरला मजकूर पोचू देतं की नाही हे खरेदीआधीच तपासा. काही कुलपं कॉपी अडवताना वाचनही अडवतात.

सातवी पायरी: वाचनाची खिडकी

पान उलटल्याचा देखावा करणारे वाचक-प्रोग्रॅम बहुधा पान कॅनव्हासवर, म्हणजे चित्रासारखं, रंगवतात. स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे काहीच नसतं. ते सोडून द्या. रकाने पाडून पान-पान दाखवणारे ईपब वाचक जरा फसवे असतात. मजकूर असतो, पण स्क्रीन रीडरचा कर्सर पडद्याबाहेरच्या रकान्यात पुढे जातो आणि प्रोग्रॅमला वाटतं वाचक अजून पहिल्याच पानावर आहे. दुसऱ्या दिवशी वाचक प्रकरणाच्या सुरुवातीला येऊन पडतो. उपाय: सलग सरकणारी मांडणी द्या आणि वाचनखूण पडद्यावरच्या पानाऐवजी मजकुरातल्या परिच्छेदाला बांधा. ‘इथे खूण ठेवा’ हे बटण प्रत्येक प्रकरणात हेडिंगजवळ ठेवा आणि जोडकळीनंही चालू द्या. मजकूर वेगळ्या चौकटीत उघडत असेल तर त्या चौकटीला पुस्तकाच्या नावाचं शीर्षक द्या.

अल्पदृष्टी वाचक हीच खिडकी डोळ्यांनी वापरतात. अक्षर ४०० टक्के मोठं केलं तरी आडवं सरकवावं लागू नये. मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं प्रमाण (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवं.

ध्वनिपुस्तकाच्या प्लेअरमध्ये आवाज आपोआप सुरू करू नका, तो स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढतो आणि थांबवायचं बटणच ऐकू येत नाही. वेग ०.५ पट ते ३ पट ठेवा. पुढे-मागे ३० सेकंद, पुढचं-मागचं प्रकरण, झोपेचा टायमर आणि शेवटची जागा लक्षात ठेवणं, एवढं हवंच. सरकपट्टीनं ‘३७ टक्के’ असं न बोलता ‘१ तास १२ मिनिटं, एकूण ३ तास १४ मिनिटं’ असं बोलावं, आरियामध्ये त्यासाठी मूल्याचा मजकूर देता येतो. ‘चालू’ बटणाचं नाव दाबल्यावर ‘थांबवा’ होत असेल तर त्याला शिवाय ‘दाबलेलं’ ही अवस्था लावू नका. ‘थांबवा, दाबलेलं’ ऐकून नक्की काय चालू आहे हे सांगणं कठीण.

ग्राहकाला खूश करायला पानावर ‘मोठ्यानं वाचा’ बटण किंवा एका ओळीच्या कोडनं बसणारी तरंगती सुगमता-पट्टी लावायचा मोह होतो. अंध वाचकाकडे आवाज आधीच आहे, त्याच्या वेगाला आणि सवयीला बेतलेला. पट्टी लेबल नसलेल्या चौकटीचं लेबल नेमकं ओळखेल याची खात्री नाही, आणि कित्येकदा कळाच अडवते. तो पैसा फाइली सुधारायला लावा.

आठवी पायरी: ब्रेल

ब्रेल डिस्प्ले म्हणजे मजकूर बोटांना कळेल असा ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र. बहुतेक डिस्प्लेंवर एका वेळी एकच छोटी ओळ असते, आणि ती घरांत मोजतात: एका घरात एक ब्रेल चिन्ह. १४ घरांपासून ८० घरांपर्यंतचे मिळतात, ४० घरांचा बराच प्रचलित. म्हणून लेबलांत आणि संदेशांत महत्त्वाचा शब्द आधी आणा. ‘आपण केलेल्या विनंतीनुसार कळवण्यात येते की’ एवढ्यातच जवळजवळ अख्खी ओळ संपते. सजावटीची चांदणी, बाण, टिंबांच्या रांगेतलं प्रत्येक टिंब हे सगळं निदान एकेक घर खातं.

छपाईसाठी ब्रेल फाइल द्यायची असेल तर लिबलुई हे मुक्त रूपांतर साधन वापरा, एनव्हीडीएही तेच वापरतो. बीआरएफ या ब्रेल छपाईच्या फाइलची नेहमीची मांडणी ४० घरं आणि २५ ओळींची असते, पण छापयंत्र आणि कागद वेगळा असू शकतो, म्हणून रुंदी निवडायची सोय ठेवा. हेडिंगं आणि परिच्छेद आधीच्या पायरीत नीट झाले असतील तरच रूपांतर धड होतं. मिश्रभाषेत कुठला तुकडा कुठल्या तक्त्यानं बदलायचा हे भाषेच्या संकेतावरूनच ठरवता येतं.

नववी पायरी: तपासणी

ॲक्स किंवा वेव्हसारखं स्वयंचलित साधन रोज चालवा, पण ते पर्यायी मजकूर आहे एवढंच सांगतं, तो खरा आहे का हे नाही. पुढे माउस काढून ठेवा आणि शोधापासून खुणेपर्यंतची सगळी वाट टॅब, एंटर, बाण आणि एस्केपवर चालून बघा. फोकस कुठे आहे ते प्रत्येक क्षणी दिसलं पाहिजे आणि चिकटून राहणाऱ्या वरच्या पट्टीखाली तो लपता कामा नये. मग तीच वाट एनव्हीडीएवर आणि किमान एका फोनवर.

त्यानंतर अंध वाचकांना बोलवा, मानधन देऊन. चार-पाच जणांपासून सुरुवात पुरते, पण एक ब्रेल वापरणारा, एक फक्त फोन वापरणारा आणि एक नवशिका असू द्या. त्यांना त्यांच्याच यंत्रावर काम करू द्या, तुमच्या लॅपटॉपवर त्यांच्या सवयीचा वेग आणि सेटिंग्ज नसतात. काम ठोस द्या: ‘या विषयावरचं मराठी ध्वनिपुस्तक शोधा, तिसरं प्रकरण लावा, खूण ठेवा, बाहेर पडा, परत या.’ अडले तरी लगेच मदत करू नका. कुठे थांबले, कुठली कळ दोनदा दाबली, कुठे मागे गेले ते टिपा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला सहकारी या जागी चालत नाही. त्याला पडद्याचा नकाशा आठवत असतो आणि स्क्रीन रीडरचा सराव नसतो, त्यामुळे अडचणी भलत्याच ठिकाणी सापडतात.

सापडलेल्या चुका वाटेच्या क्रमानं लावा: पुस्तकापर्यंत पोचूच न देणारी चूक आधी, खटकणारी नंतर. नवी आवृत्ती सोडण्याआधी हीच वाट पुन्हा चाला, कारण बटणांचा संच बदलला की लेबलं सर्वांत आधी गळतात. आणि तक्रारीसाठी ईमेल पत्ता व फोन नंबर पानाच्या तळाशी मजकुरात द्या, निव्वळ चित्रात नको.